समासातली शून्ये

३ मार्च, सोमवार
तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून परत. रिपोर्ट आला. भुरीच्या मागच्या थानाजवळची गाठ कॅन्सरचीच निघाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, फुप्फुसात गेलेली दिसत नाही, लवकर काढली तर चांगले दिवस मिळतील. किती, ते विचारायचं राहिलं. ऑपरेशन १७ ला. तोवर दुखण्याची गोळी, दिवसाला एक, पोटात अन्न असेल तरच.
निघताना त्यांनी विचारलं, "बाबा, आणखी काही देता का हिला? चूर्ण, झाडपाला, गावातलं काही?" नाही म्हणालो. खरंच नव्हतो देत.
पोरगा विलास ऊर्जानगरहून रजा टाकून आला होता. म्हणे, "बाबा, दहा वर्षांची कुत्री हाये. लय जीव नका लावू." म्हटलं, "तुह्यापेक्षा जास्त बोलते ते माह्यासंग."

५ मार्च
विलासनं फोनवरून मागवलेला चूर्णाचा डबा आला. आधी जीव लावू नका म्हणतो, मग डबा पाठवतो. वर हसऱ्या कुत्र्याचं चित्र. गाठ विरघळते असं लिहिलंय. डॉक्टरबाईंना फोन करून वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "गाठ विरघळते ते विसरा. भूक लागायला, मळमळ थांबायला काही वनस्पती कामी येतात, मीही देते. पण यात कोणतं किती आहे तेच लिहिलेलं नाही. काही पाल्यांनी रक्त पातळ होतं. वरून आपली गोळी चालू. पोटात जखम होईल, आणि कापल्यावर रक्त थांबणार नाही. ऑपरेशन होईपर्यंत नको."
डबा फळीवर ठेवला. झाकण उघडलं नाही.

७ मार्च
दोन दिवस भुरी जेवली नाही. थोडं दूध, त्यावरच गोळी. गाठ लिंबाएवढी. हात लावला की मान वळवून माझ्याकडे बघते, गुरगुरत नाही. गुरगुरली असती तर बरं वाटलं असतं.
मोहाची फुलं पडायला लागलीत. ती नसली तर मी झाडाखाली जात नाही. अस्वलाचा वास तिला आधी येतो.
दुपारी सोमाजीकडे गेलो, टोल्यावर, गावाबाहेरच्या वस्तीत. त्याचा बाप वैदू होता, आता तो. आम्ही दोघांनी जंगलात आगी विझवल्या, तेव्हापासूनची ओळख. त्यानं सगळं ऐकलं. मग आत जाऊन पळसाच्या पानात मुळी बांधून आणली. "दिवस निंगाच्या आंधी देजो. नऊ दिवस. भाताच्या गोळ्यात. कोणालेच सांगजो नोको, नाई तं गुण उतरते. जातानी मांगं पाहू नोको."
म्हटलं, "नाव काय हिचं?"
"नाव घेतो काय कोणी? म्हातारा झाला, अक्कल नाई आली तुले."
मागं पाहिलं नाही. वाटेत कुणी हाक मारली, तरी नाही.

८ मार्च (०)
दिली. जंगलखात्याच्या नाक्यावर चौकीदार होतो तेव्हापासून रोजचं लिहायची सवय आहे. शाळा सातवीपर्यंतच, पण रजिस्टर कधी चुकलं नाही. आता लिहिणं म्हणजे सांगणं होतं का? म्हणून शब्द नाही. दिली त्या दिवशी, दुसरं काही लिहिलं नाही तरी, समासात शून्य काढीन, खाली गोळीची वेळ.

१० मार्च (०)
वाटीभर भात खाल्ला! चाटून पुसून. वर गोळी दिली. दारापर्यंत आली, शेपटी हलवली.

१३ मार्च, होळी (०)
सकाळी मोहाखाली घेऊन गेलो. चार टोपल्या वेचल्या, ती बसून होती. एकदा कान उभे केले, मग पाडले. काही नव्हतं.
डॉक्टरबाईंचा फोन. "जेवते का? छान. गोळीशिवाय दुसरं काही चालू नाही ना?"
नाही म्हणालो.

१४ मार्च (०)
खोटं बोललो ते डोक्यातून जात नाही. पण बायकोच्या, यशोदेच्या काविळीत सोमाजीच्या बापानं औषध दिलं होतं, तेव्हाही कोणाला सांगू नको म्हणाला होता. मी शेजारी बोलून बसलो. आठव्या दिवशी यशोदा गेली. एकोणीस वर्षं झाली. माझ्या तोंडानं गेली ती. यावेळी तोंड उघडणार नाही.

१६ मार्च (०)
शेवटची दिली. दुपारी विष्ठा काळी, डांबरासारखी. अंगणात माती टाकली वर. हिरड्या पांढऱ्या दिसतात की मलाच तसं वाटतं?

१७ मार्च, सोमवार
ऑपरेशन झालं नाही. डॉक्टरबाईंनी हिरडी दाबून पाहिली, रक्त तपासलं. पोटात कुठेतरी रक्त जातंय, ते नीट गोठतही नाही. गोळी बंद केली. पोटाचं औषध आणि इंजेक्शन दिलं. "अशात कापली तर टेबलावरच जाईल. आणि थांबावं तर गाठ वाढतेय." मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "बाबा, नुसत्या गोळीनंही असं होऊ शकतं. पण तुम्ही काही दिलं असेल तर सांगा. मला रागवायचं नाही. औषध ठरवायचं आहे."
मी भुरीच्या गळ्यातली दोरी सारखी केली. विलास म्हणाला, "बाबा काऊन देतील? डबा तं फळीवरच हाये." माझी बाजू घेतली त्यानं. त्याचंच जास्त लागलं.

१८ मार्च
सकाळीच सोमाजीकडे. सगळं सांगितलं, गोळीचंही. तो खाटेवरून उठला.
"गोळी? कोणती गोळी?"
"दवाखान्याची. दुखण्याची."
"ते तू देऊन राह्यला होता? मुळी चालू असतानी? अन् मले सांगितलं नाई?"
"सांगितलं असतं तं तू मुळी देली नसती."
"नसतीच देली. दोन दवा एका पोटात घालत नाई आमी. माह्या बापानंही घातल्या नाई." खाली बसला. "डॉक्टरबाईले माहं सांगितलं नाई, मले तिचं सांगितलं नाई. कुत्रीचं पोट म्हंजे का चोराची पोतडी हाये काय रे?"
त्यानं मुळीचा एक तुकडा पानात बांधला, तो पायताण घालून निघाला. म्हटलं, कुठे? "दवाखान्यात. चाल."
बसमध्ये यशोदेचं विचारलं. मी बोललो म्हणूनच का ती? सोमाजी म्हणाला, "बाप तिले दवा देऊन घरी आला त्या दिवशी जेवला नाई. म्हणे, लय उशीर झाला, आता काई राह्यलं नाई. तुले ते सांगाची हिंमत नाई झाली त्याची."
दवाखान्यात सोमाजीनं पान उघडून मुळी टेबलावर ठेवली. "नाव घेत नाई मी. पाहून घ्या." डॉक्टरबाईंनी वास घेतला, फोटो काढला. ओळखीच्या कुणा वनस्पतीवाल्याला पाठवते म्हणाल्या. "कधीपासून, किती दिवस?"
मी वही पुढे केली. शून्यांवरून बोट फिरवत त्यांनी मोजली. नऊ. प्रत्येक शून्याखाली गोळीची वेळही लिहिलेली. त्या म्हणाल्या, "बाबा, एवढं लिहून ठेवलं होतं."
विलासला फोन केला. "मीच दिलं होतं रे." तो म्हणाला, "बरं." मग, "जेवले काय तुमी?"

२१ मार्च
विष्ठेचा रंग सुधारला. पण भूक गेली. मुळी होती तेव्हा खात होती, हेही खरंच ना? डॉक्टरबाईंना तसं विचारलं. "असेल. गोळीनं दुखणं थांबलं म्हणूनही खाल्लं असेल. आता वेगळं काढता येणार नाही." मुळीचं नाव अजून कळलेलं नाही.

२३ मार्च
उद्या पुन्हा रक्त तपासणार. गोठलं तर बुधवारी ऑपरेशन. नाही तर त्या म्हणाल्या, मग बसून बोलू. गाठीवरची कातडी ताणून चकचकीत झालीय.
सोमाजी येऊन गेला. हात रिकामे. भुरीजवळ बसला, म्हणाला, "काय वो बाई, तुह्या मालकानं दोघाइलेही फसवलं." तिनं त्याचा हात हुंगला. मुळीचा वास असेल अजून.
फळीवरचा डबा एकदा खाली काढला. परत ठेवला.
आज दिलेलं: सकाळी पोटाचं औषध. दुपारी पेज, तीन चमचे, एक बाहेर टाकला. सायंकाळी पोटाचं औषध.
बाकी काही नाही. हे खरं.