गाडी हुकासकट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा गाड्यांची सीट कव्हरे शिवणे, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीचे काय करायचे ते आज लिहून ठेवत आहे. कुणी धाक घातलेला नाही. लाडीगोडी मुलाने लावून पाहिली, पण उपयोग झाला नाही. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याच दाखल्यात त्यांनी मला यापुढे गाडी चालवायला मनाई केली आहे. मनाई चालवायला आहे, बसायला नाही, हे वाचणाऱ्याने लक्षात घ्यावे.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. मरायचा विचारच केला नव्हता.

कलम एक, घर. हे घर माझ्या स्वकष्टार्जित पैशातून, शिलाई मशीनवर उभे राहिले आहे. माझ्यामागे ते माझ्या एकुलत्या एक मुलाचे होईल. परंतु पुढच्या खिडकीच्या खोलीत माझी नणंद तहहयात राहील, आणि ती आहे तोवर घर विकता, गहाण टाकता किंवा भाड्याने देता येणार नाही. नणंदेला घरात सगळे आत्या म्हणतात, म्हणून पुढे मीही तेच लिहिते.

हे कलम का घालावे लागले तेही नोंदवून ठेवते. मागच्या महिन्यात मुलगा एका दलालाला घेऊन आला. "आई, नुसता अंदाज घेतोय," म्हणाला. दलालाच्या माणसाने फीत काढून खोल्या मोजायला घेतल्या. आत्या तिच्या पलंगावर पाय खाली सोडून पेपर वाचत बसली होती. तो म्हणाला, "आजी, जरा पाय वर घ्या." आणि तिने घेतले. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून जिने माझ्या चहाला, चपलांना, हसण्याला नावे ठेवली, ती बाई परक्या माणसाच्या सांगण्यावरून पाय पोटाशी घेऊन बसली. मला आधी रडू आले, मग संताप आला. मुलगा म्हणतो, "आत्याची चांगल्या ठिकाणी सोय करू ना." सोय पाहुण्यांची करतात. तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, गेल्यावर ती चार दिवसांसाठी म्हणून आली होती हे खरे आहे. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत आणि ते कधी संपवायचे हे तिने ठरवायचे आहे.

कलम दोन, गाडी आणि पेटारा. गाडी म्हणजे माझ्या दिवंगत नवऱ्याची जुनी लाल स्पोर्ट्स कार, दोनच सीटची, कापडी टपाची. पेटारा म्हणजे तिच्यामागे जोडून ओढायची चाकांवरची छोटी खोली, कॅरॅव्हॅन. आत दोन बाक, एक घडीचे टेबल आणि एक स्टोव्ह आहे. ही दोन्ही, मधल्या हुकासकट, मी आत्याला देत आहे.

माझा नवरा लेथवर काम करायचा. ही गाडी त्याने भंगारातून उचलून स्वतःच्या हातांनी उभी केली, आणि मग जन्मभर पुसली. कोपऱ्यापर्यंत न्यायची, परत आणायची, पुसायची. मला आत बसताना चपला काढाव्या लागत. तो गेल्यावर जुन्या गाड्या जमवणारा एक शौकीन माणूस ती मागायला आला, तेव्हा मी उठले आणि कोपऱ्यावरच्या वेल्डरला बोलावून पेटारा ओढता यावा म्हणून तिला मागे हुक लावायला सांगितले. सगळे नातेवाईक तुटून पडले. सगळ्यात मोठा आवाज आत्याचा निघेल असे मला वाटले होते. ती बाहेर आली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "दादानं पुसण्यातच जन्म काढला, वहिनी. लाव हुक. पण मी मागं बसणार नाही." गाडीला मागे सीटच नाही, हे तिला सांगायच्या भानगडीत मी पडले नाही.

तेव्हापासून आम्ही भांडत जातो आणि भांडत येतो. चढावर इंजिन तापले की आत्या उतरते, पेटाऱ्याच्या चाकामागे दगड लावते आणि मागच्या ट्रकवाल्यांना हात दाखवून थांबवते, जसा काही रस्ता तिच्या बापाचा. मग आम्ही चहा करतो. ट्रकवाल्यांनाही देतो. सकाळी पेटाऱ्याचे दार उघडले की दर वेळी समोर वेगळे अंगण असते. एवढे सुख मला माझ्या संसारात मिळाले नव्हते, हे इथे लिहायला मला लाज वाटत नाही.

जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात तो शौकीन माणूस चारचौघांत म्हणाला, "बाई, हा या गाडीचा अपमान आहे." मी म्हटले, "ती पहिल्यांदाच घराबाहेर पडलीय. तिला विचारा."

गाडी आणि पेटारा वेगवेगळे विकू नयेत. हुक कापू नये. मुलगा म्हणेल, आत्याला गाडी कुठे येते? डॉक्टरांनी मला मनाई केली त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून मी तिला शिकवली आहे. पेटारा जोडून रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवावे लागते. भल्याभल्यांना ते जमत नाही. आत्याला पहिल्याच दिवशी जमले, कारण मी सांगेन त्याच्या उलट करण्याची तिला जन्मभराची सवय. तिचे लायसन्स मागच्या आठवड्यात आले. तिच्यानंतर गाडी कुणाची, ते ती ठरवेल. मुलाला हवी असेल तर त्याने आतापासून तिच्याशी नीट बोलायला लागावे.

कलम तीन. शिलाई मशीन, कात्र्या आणि कातड्याचे उरलेले तुकडे सुनेला. पेटाऱ्याला ती डबडे म्हणते. पण त्यातले पडदे तिनेच शिवून दिले आहेत आणि "ह्यांना सांगू नका हं" असे मला बजावले होते. आता सांगितले. हात चांगला आहे तिचा, वाया घालवू नये.

कलम चार. गाडीवर घालायचे नवऱ्याचे मऊ कापडी आच्छादन त्या शौकीन माणसाला द्यावे. त्याला झाकून ठेवायची आवड आहे.

कलम पाच. बँकेत जे असेल त्यातून आधी गाडीचे आणि पेटाऱ्याचे टायर बदलावेत. उरेल ते मुलाचे.

मुला, तुझ्यावर माझा राग आहे आणि मायाही आहे. एकामुळे दुसरे कमी झालेले नाही. पण या मृत्युपत्राला तू हरकत घेतलीस, किंवा ती मोजायची फीत पुन्हा आत्याच्या खोलीत आली, तर कलम एक रद्द समजावे आणि घर संपूर्णपणे आत्याच्या नावे व्हावे. वकिलांनी हे वाक्य दोनदा वाचून पक्के केले आहे.

ठिकाण: पेटाऱ्यातले घडीचे टेबल, घराच्या फाटकाबाहेर. तारीख डॉक्टरांनी त्यांच्या शिक्क्याखाली घातली आहे.

साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरचा वेल्डर, ज्याने हुक लावला. सही केली.

साक्षीदार दुसरा: डॉक्टर. सही केली, आणि "प्रवासाला माझी संमती नाही" असे शेजारी लिहिले. लिहू दिले.

आत्याला लाभ मिळणार असल्याने तिला साक्षीदार होता येत नाही. म्हणून ती पुढे गाडीत, स्टिअरिंगवर बसली आहे. दोन्ही पाय पेडलवर आहेत.

माझी सही वर-खाली हललेली दिसेल. म्हातारीचा हात थरथरत होता, असा मुद्दा उद्या कुणी कोर्टात काढू नये. दोन्ही साक्षीदारांनी डोळ्यांनी पाहिले आहे, हात स्थिर होता. आत्याने गाडी सुरू केली होती.