आईच्या दाढेतला मोती

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सदाशिव पेठेतल्या तुमच्या दवाखान्यातली ती खुर्ची आठवली की माझा जबडा आवळतो. पेशंट नसले की तुम्ही आईला तीत बसवायचात आणि वरच्या दाढेमागे, हिरडीच्या आत लागणारं टणक कीटण खरवडायचात. ते निघायचं नाही. रक्त मात्र निघायचं. "घासतेस की ब्रशला नुसती प्रदक्षिणा घडवतेस?" आ वासलेला माणूस उत्तर काय देणार? पेशंटांनाही सांगायचात, "डॉक्टरची बायको झाली म्हणून दात स्वच्छ राहत नाहीत हो, आमच्याच घरी बघा!" ते हसायचे. मी पुढे दवाखाना थाटला नाही, लोकांची टिंगल लिहूनच पोट भरलं. तेव्हा त्या धंद्यातली म्हणून सांगते, विनोद हलका होता.

शेवटी दाढ हलायला लागली आणि तुम्ही ती काढलीत. मी डेंटल कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, मागून नेली. मुळांच्या बेचक्यात बाजरीच्या दाण्याएवढा चकचकीत मणी. ॲसिडमध्ये मऊ करावा तर दाताचं वरचं कवच, इनॅमल, विरघळतं, म्हणून दगडावर घासून घासून आरपार दिसेल इतका पातळ केला. सूक्ष्मदर्शकातून बघते, तर आत डेंटिनचा, म्हणजे कवचाखालच्या थराचा, उंचवटा आणि त्यावर इनॅमलची टोपी. दाताच्या माथ्यावर इनॅमलचे जे बारीक दांडे शिस्तीत बाहेर जातात, ते इथे एकमेकांत पिळलेले, विस्कटलेल्या वेणीसारखे. कीटण नव्हतंच ते. आई परकरी पोर असताना, दाढ हिरडीखाली घडत होती तेव्हाच तयार झालेला इनॅमलचा मोती. तुम्ही वर्षानुवर्षं तिचा दातच खरवडत होतात.

तुम्हाला कॉलेजात बोलावून दाखवलं. बराच वेळ डोळा लावून बसलात. "काप छान घेतलायस."

"आईला सांगाल ना?"

"त्यात सांगायचं काय? दाढ गेलीच की."

मग मीच सांगितलं. ती म्हणाली, "ते डॉक्टर आहेत गं. तू आधी परीक्षा पास हो." तुमच्या तोंडचं एक वाक्य पुरलं असतं, बाबा. तिच्या शेवटच्या आजारपणातही भेटायला आलेल्यांना ती तोंडावर पदर धरून सांगत होती, "दातांची हेळसांड माझीच हो." आणि तुम्ही उशाशी बसून मान डोलावत होतात.

हे तुमच्यासमोर बोलायची हिंमत झाली नाही. कागदावर काय, कुणीही शूर होतं. पण एक कबूल करते. भिंगाखाली तो गुंता पहिल्यांदा लखलखला, तेव्हा आई मनात आलीच नव्हती. केवढं सुंदर आहे हे, बाबांना दाखवायला हवं, एवढंच वाटलं होतं.