एका ताटात

बाबा, पॅरिसला येऊन मला सात वर्षं झाली, पण इथल्या लोकांचं जेवण अजून माझ्या गळ्याखाली नीट उतरत नाही. शहराचं नाव एवढं मोठं आणि ताटात तिखटाचा पत्ता नाही. म्हणून शुक्रवारी ऑफिस सुटलं की मी अल्जेरियन, ट्युनिशियन, मोरोक्कन लोकांच्या खाणावळी धुंडाळते. त्यांचा लाल मिरचीचा ठेचा आपल्याएवढा जहाल नसला तरी घाम फोडतो. परवा तिघी मैत्रिणींबरोबर एका नव्या ठिकाणी गेले. मालकीण मोरोक्कोची, वयस्क बाई. तिनं कुसकुस, म्हणजे वाफवलेला गव्हाचा रवा, परातीएवढ्या मातीच्या ताटात आणला. वर गाजर, भोपळा, हरभरे, मधोमध मटण. चौघींना चार चमचे दिले आणि म्हणाली, "आपापल्या बाजूनं खा." जाता जाता मटणाचा चांगला तुकडा तिनं माझ्याकडे सरकवला, आणि मला हिंगोलीतले चाचा आठवले. मैत्रिणी तुटून पडल्या होत्या. माझा चमचा बराच वेळ हातातच होता. मग मीही जेवले.

मोंढ्यात तुम्ही हळदीची पोती उचलायचात. समोरच बारदानाचं दुकान असलेले चाचा तुमचे जिवाभावाचे. त्या ईदला त्यांनी आपल्याला जेवायला बोलावलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तुम्ही ठेवणीतला पांढरा सदरा घातलात आणि रस्ताभर सांगत राहिलात, "चाचाच्या घरी समदे एका ताटात जेवतात, बरं का." दस्तरखान अंथरलेलं आहे. मधल्या मोठ्या ताटाभोवती चाचा, त्यांचे दोन मुलगे, तुम्ही आणि मी. चाचा चांगल्या बोट्या तुमच्या बाजूला सारतायत. "खाव बेटी, शरमाव नक्को," ते म्हणतात. आणि मी म्हणते, मला वेगळी ताटली द्या.

चाचांनी ताटली मागवली. तुमचा घास हातातच थांबला. परतताना तुम्ही विचारलंत, "काहून मागितली ताटली? जात पाहून लोकायनं मला जन्मभर वेगळं वाढलं. ह्या एका घरानं सोबत बसवलं, अन् तिथं तूच वेगळी बसली." मी तुमच्या मागं चालत राहिले. "चाचाच्या ताटाची किळस आली व्हय तुला?" पुढच्या ईदला तुम्ही एकटे गेलात. तुम्हाला माझी लाज वाटत होती, ते मला कळत होतं. तुम्ही हे जग सोडून गेलात ते मला शिकून शेफारलेली पोरगी समजूनच गेलात, याचं मला फार वाईट वाटतं.

किळस आली नव्हती, बाबा. त्याच्या आठच दिवस आधी मी शाळेतल्या एका मैत्रिणीकडे गेले होते. तिच्या आईनं सगळ्या मुलींना घरातल्या ताटल्यांत पोहे दिले, मला खिडकीत बाजूला ठेवलेल्या ताटलीत, आणि नंतर ती मलाच अंगणात धुवायला लावली. मला वाटलं, चाचांकडे मी ताटात हात घातला आणि कुणी उठून तशीच ताटली आणली तर? तुमच्यादेखत? त्यापेक्षा आपणच मागून घ्यावी.

तुम्ही असतात तरी हे पत्र मी टपालात टाकलं नसतं. माझ्यावर रागावलेले बाबा मला चालले. त्या खिडकीतल्या ताटलीबद्दल कळलेले बाबा मला आजही बघवले नसते.