रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं घर

सेंट लूसी, बार्बाडोस
मेअखेर

ती. आयन्थेताईस, धाकट्या डार्नलीचा सविनय नमस्कार. लंडनच्या गारठ्यात तुझे गुडघे कसे आहेत? इकडे सगळं खुशाल. फक्त मी आणि कार्मेटा वेगळे झालो, आणि घरही.

कारण क्षुल्लक. कार्मेटाच्या कूकूत गुठळ्या असतात, आमच्या ताईच्या कधी नसत, एवढंच मी पाहुण्यांसमोर म्हणालो. (मक्याचं पीठ भेंडीच्या पाण्यात तूही घोटायचीस, ती काही जादू नव्हे, हेही बोललो.) कार्मेटाने घोटणी खाली ठेवली आणि ‘सेपरेशन’ म्हणाली. पाद्रीबाबांच्या मते सेपरेशन म्हणजे दोन खोल्या आणि एक प्रार्थना. वकिलाच्या मते वर्षभर कागदपत्रं. ग्रीनिज सुताराच्या मते खिळे उपटणं. ग्रीनिज लगेच मोकळा होता.

आपलं घर दगडांवर नुसतं टेकलेलं, फळ्या सोडवल्या की कुठेही नेता येणारं, हे तुला ठाऊकच आहे. पुढचा भाग बाबांचा, म्हणून माझा. मागचं स्वयंपाकघर तिने मासळी विकून बांधलं, म्हणून तिचं. मधल्या भिंतीवर एकमत होईना, म्हणून ती चर्चला दिली. शेजारी हौसेने मदतीला आले. माझं अर्धं घर लॉरीवर चढलं आणि रस्ता ओलांडताच लॉरी बंद पडली. ग्रीनिज म्हणाला, “उतरवू का इथंच?” उतरवलं. आता माझ्या घराला मागची बाजू नाही, तिच्या घराला पुढची नाही आणि मधून बस जाते.

सकाळी ती पलीकडून ओरडते, “अरे, पाय पुसून चढ! घर तुझ्या बाबांचं आहे ना?” मी पाय पुसून चढतो. माझ्याकडे पलंग आहे, खुर्च्या आहेत, मान आहे. चूल तेवढी नाही. मी सुखात आहे.

तुझा आज्ञाधारक,
डार्नली

ता. क. जूनपासून वादळांचे दिवस. अर्धं घर वाऱ्यापुढे टिकत नाही, असं ग्रीनिज म्हणतो. ताई, तिच्यावाचून मीही टिकत नाही. तुझ्याही कूकूत गुठळ्या व्हायच्या, एवढं तिला पत्राने कळव.

आणखी एक. टेबल वाटणीत तिच्याकडे गेलं, म्हणून हे पत्र तिच्याच स्वयंपाकघरात बसून लिहितो आहे. ती खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, “ताईंना कशाला मधे घालतोस? तूच लिही की.” लिहितो: कार्मेटाच्या कूकूत गुठळ्या नसतात. ग्रीनिज उद्या खिळे घेऊन येतो आहे.

ती मासा वाढायला वळली आहे, तोवर घाईने: गुठळ्या आहेत. तरी दुसऱ्यांदा मागून घेतलं.