ओक्सानाचा फॉर्म

४ जाने.
ओक्सानाची मेल नाही. पाच आठवडे झाले. एरवी इथे हिवाळ्यात येणाऱ्या पाणटिवळ्याच्या पायातल्या कडीचा नंबर कळवला की दोन दिवसांत उत्तर यायचं, पक्षी कुठे पकडला, कडी कोणी घातली. ती तिकडे पक्ष्यांच्या कड्यांची नोंद ठेवते. आठ वर्षांची ओळख, एकमेकींना पाहिलेलं नाही. काल टीव्हीवर युक्रेनच्या बातम्यांत तिच्या गावाचं नाव ऐकलं. चहा उतू गेला.

९ जाने.
पक्षीमित्र मंडळाची मीटिंग, गंगापूर रोडला, अध्यक्षांच्या गच्चीवर. मी म्हटलं, तिला मंडळातर्फे पत्र पाठवू. अध्यक्ष दे. सर: "मॅडम, आपण पक्षीवाले. युद्धात कशाला पडायचं?" दीड तास तेच. निषेध नको, देशाचं नाव नको. शेवटी उरलं 'युद्धाची झळ पोचलेल्या सर्वांसोबत आम्ही आहोत.' पेशंटचं वरण. वैताग आला, पण तेवढं तरी.

११ जाने.
सकाळी नांदूरमध्यमेश्वरला पक्षीगणना. आमचा गाइड शंकर दुर्बीण पुसत म्हणाला, "ताई, त्या बाईंचं काय कळलं का?"
नाही म्हटलं.
"मंग पत्र धाडा ना लवकर. मीटिंगा काय, लय व्हतील."
त्यानेच एक कडीवाला पाणटिवळा दाखवला. नंबर घेतला. घरी येऊन पत्र पाठवलं एकदाचं.

१२ जाने.
काय करून बसले! सवयीने पत्रासोबत कालच्या कडीचा फॉर्मही गेला. त्यात पक्ष्याबद्दलचे रकाने: शेवटचा कुठे दिसला. अवस्था: जिवंत / मृत / माहीत नाही. खाली छापील ओळ, 'उरलेली माहिती त्वरित भरून पाठवावी.' तिकडे बॉम्ब पडताहेत आणि मी त्वरित!
दे. सरांना फोन. "अहो, होतं असं. नंबर बरोबर होता ना?" फोन ठेवून दिला. माफीची मेल तीनदा लिहिली, तीनदा पुसली. लाज वाटते.

२४ जाने.
उत्तर आलं. जिवंत आहे! गाव सोडून बहिणीकडे. पत्राबद्दल आभाराची एक ओळ. फॉर्म मात्र पूर्ण भरलेला. कडी कोणी घातली: आंद्री, माझा नवरा. शेऱ्यात: 'आंद्री शेवटचा दिसला नोव्हेंबरात. अवस्था: माहीत नाही. त्याने घातलेल्या आणखी कड्या दिसल्या तर कळवा.'
खूप रडले.

२५ जाने.
दे. सरांना वाचून दाखवलं. मग म्हणाले, "उद्या पहाटे गाडी काढतो."

१ फेब्रु.
आज आठवड्यातली चौथी खेप. गुडघा सुजलाय. पाणटिवळे शेकड्यांनी, पण पोटापर्यंत पाण्यात. पाय दिसतील तर शपथ. दे. सर तीन तास चिखलात उभे, तक्रार नाही.
अकराच्या सुमारास एक काठावर आला. पायात कडी. चार आकडे वाचले आणि थवा उडाला. आंद्रीची की आणखी कोणाची, कळायला मार्ग नाही.
मंडळाचा नियम, अर्धवट नंबर कळवायचा नाही. नियम दे. सरांचाच. गाडीत त्यांना विचारलं, काय करू? मागून शंकर: "कडी व्हती ना, ताई? मंग लिवा की."
मेल उघडून बसलेय. चार आकडे टाइप केलेत. खोटी आशा दिल्यासारखं होईल का? पुढचं सुचत नाही.