क्लॅरिनेटवाला म्हातारा

बाबा,

काल इथं आखातात, सालमियातल्या घरी तुमच्या नातीनं फोनवर चाळता चाळता तुमची ती दहा मिनिटांची फिल्म लावली आणि माझी तव्यावरची पोळी करपली. रेडिओ नवा होता त्या काळातला, काळ्या कोटांतला तो विलायती वाद्यवृंद. फहाहीलच्या क्लबात दर शुक्रवारी सिनेमाआधी तुम्ही हीच लावायचात. "फिर वही बाजेवाले!" म्हणून लोक ओरडायचे, आणि आठवडाभर पंप दुरुस्त करणारे तुम्ही प्रोजेक्टरमागे ताल धरून उभे. इतकं खूश मी तुम्हाला घरीसुद्धा पाहिलं नाही.

आपल्या क्लबातल्या रिळात शेवटी शेवटी व्हायोलिनवाले गज उचलत आणि लगेच टाळ्या पडत. काल टाळ्या पडल्याच नाहीत. एक टकला म्हातारा उठला आणि क्लॅरिनेट वाजवू लागला. मला रडू आवरेना. "आई, इट्स जस्ट अ बँड!" लेक म्हणाली.

तो म्हातारा मी कापला होता. इवली चित्रं उजेडात धरून बघायची म्हणून तुमच्या नकळत रीळ उलगडलं, ते पायात येऊन फाटलं. चुरगळलेला भाग कात्रीनं काढून दप्तरात कोंबला आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडली. तुम्ही टोक ब्लेडनं खरवडून मग गोंद लावायचात, हे मला कुठलं सुचायला?

त्या शुक्रवारचा खेळ संपलाय. क्लबचे सेक्रेटरी सगळ्यांदेखत विचारतायत, "मिस्तरी, फिल्म किसने काटी?" तुम्ही माझ्याकडे बघतही नाही. "मेरे हाथ से टूटी, साब." "तो अब मशीन को हाथ मत लगाना." त्यानंतर शुक्रवारी तुम्ही शेवटच्या रांगेत बसायचात, हात मांडीवर, ताल न धरता. घरी त्यावर कधी अवाक्षर काढलं नाहीत. फिल्म खरंच आपल्या हातून तुटली असं तुम्हाला वाटलं असणार, अशी समजूत मी आजवर घालून घेतली.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. खेळाआधी अख्खी फिल्म बोटांतून सरकवून तपासायची तुमची सवय मला माहीत होती. त्या दिवशी खेळ संपल्यावर रीळ परत गुंडाळलं जाताना मी वाकून पाहिलं. माझी चिकटपट्टी तिथं नव्हती. तुमचा खरवडून केलेला स्वच्छ सांधा होता. तुम्हाला सगळं कळलंय हे मला तेव्हाच कळलं होतं, बाबा. सेक्रेटरी अजून दारातच उभे होते. मी गप्प राहिले.