जांभळ्यात जांभळी, हिरव्यात हिरवी

१४ नोव्हेंबर, दुपार

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. 'सौ.' लिहायला हात गेला होता, आवरला. वर्ष झालं तो जाऊन, तरी हाताला कळत नाही.

मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, मोरीचा नळ ठिबकतो, दोघंही मला दाद देत नाहीत. फोन करा म्हणतेस, पण फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानेच भरते. मग भांडणं होतात. पत्रच बरं.

तू कळवल्याप्रमाणे त्याचा कॉम्प्युटर जोडला. टेबलाखाली शिरले खरी, पण परत बाहेर येईन याची खात्री नव्हती. जांभळ्यात कीबोर्डची जांभळी पिन, हिरव्यात माउसची हिरवी. पिनीच्या तोंडात सुयांसारखे दात, एक जरी वाकला तर संपलं. ते जमलं. पण हेडफोनही हिरव्यातच म्हणालीस! अगं, हिरव्यात माउस बसलाय, मग हा कुठे घालू? शेजारी एक गुलाबी भोक रिकामं होतं, त्यात खुपसला. मग त्याने विद्यार्थ्यांना शिकवायला स्वतःच्या आवाजात टिपून ठेवलेले धडे ऐकावेत म्हणून तू सांगितलेलं पडद्यावरचं चित्र उघडलं आणि लाल बटण दाबलं.

ढिम्म! रोज दुपारी तेच. हेडफोन हातात धरून मीच आपली बोलायची, "बाळा, जेवलास का?" दुसरं काय विचारणार? एकदा तर रागावलेसुद्धा, आईशी बोलायला तोंड दुखतं का म्हणून.

शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो मागे डोकावला आणि हसायलाच लागला. "काकू, हिरवी भोकं दोन आहेत. गोल मोठं माउसचं, बारीक हेडफोनचं. तुम्ही माइकच्या भोकात घातलाय. तिथे घातला की हेडफोनच माइकचं काम करतो. आणि लाल बटण ऐकायचं नाही, आवाज टिपायचं आहे. तुमचीच बडबड भरलीय सगळी!"

त्याने हेडफोन बारीक हिरव्यात घातला, कानाला लावला. हसू गेलं त्याचं. म्हणाला, "घरात आणखी कोण असतं?" मी म्हटलं, कुणी नाही. चहा तसाच टाकून गेला. पेचकस राहिलाय त्याचा, न्यायलाही येत नाही.

मग मी ऐकलं. आधी माझा आवाज, "जेवलास का?" मग पंख्याची घरघर. आणि मग अगदी जवळून, घसा खाकरून, तो. "ठमी आली का?"

सूनबाई, तुला ठमी म्हणणारा एकच होता. मी कधी म्हटलेलं नाही.

तेव्हापासून मी मुद्दाम गुलाबीत घालून बोलते आणि हिरव्यात घालून ऐकते. धडे बिडे राहिले बाजूला. माझ्या एकाही प्रश्नाला तो उत्तर देत नाही, तुझंच विचारतो. राग आला मला, खोटं कशाला सांगू! जन्म दिला मी आणि चौकशी तुझी. मागच्या पत्रात नळ बघायला ये म्हणून लिहिलं होतं ना, तो नळ निमित्त होता. तू रजा नाही म्हणून कळवलंस.

परवा माझा तोल सुटला. म्हटलं, "नाही येत ती. नोकरी आहे तिला, तिकडे खोली आहे, नवा कॉम्प्युटर आहे. तुझ्यासाठी रजा नाही." नंतर ऐकलं तर आधी पंख्याची घरघर. मग खुर्ची सरकली. आणि तो शांतपणे म्हणाला, "मग मीच जातो."

काल ऐकलं, आज ऐकलं. आता त्यात माझ्या एकटीचीच बडबड आहे.

तुझ्या नव्या कॉम्प्युटरला गोल भोकं नसतात म्हणालीस. गुलाबी आहे का, तेवढं बघ. असलं तर त्यात काही घालायचं की नाही, ते तुझं तू ठरव. भीती वाटली तर नको घालूस, मी रागावणार नाही. पण घातलंस आणि तो बोललाच, तर आधी तुमचं काय ते बोलून घ्या. मग त्याला एवढं विचार, की आई विचारत होती, जेवलास का. काय म्हणाला ते मला कळव. फोनवर नको, पत्राने.

उत्तराची वाट बघत,
तुमची दोघांची
आई